अकरावा मणी

ऑक्टोबर महिना उजाडला, की धर्मग्रामाच्या कार्यालयात एक प्रश्न दरवर्षी न चुकता माझ्याकडे येतो. तो बहुधा तरुण आया विचारतात. सहामाही परीक्षा जवळ आलेली असते, दिवाळीची सुट्टी समोर दिसत असते आणि घरात पाच-सात वर्षांचे एखादे चंचल मूल असते. "फादर, सुट्टीत पोरांच्या हाताला काय काम द्यावं? नाहीतर मोबाइल काही सुटत नाही," असा तो प्रश्न. दारात उभ्या उभ्या मी दोन-चार गोष्टी सांगतो. त्या घाईत असतात, मीही घाईत असतो. या अंकासाठी काही लिहावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा वाटले, की ते उत्तर एकदा सावकाश बसून द्यावे. त्या उत्तरात माझी एक चूकही येणार आहे. ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होत नाही, असे मला आता वाटू लागले आहे.

आमच्या वसईत शरद ऋतू फार गाजावाजा करीत येत नाही. पाश्चात्त्य देशांत या दिवसांत झाडांची पाने लाल-पिवळी होऊन गळतात आणि तिकडची मुले ती वेचून वहीत चिकटवतात. आपल्याकडे पानगळ शिशिराची. आपला शरद हा उलट भरलेपणाचा ऋतू. पावसाने चार महिने धुऊन काढलेले आकाश निळेशार होते, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडून खाली झुकतात, वाड्यांतून झेंडू फुलतो आणि विहिरीच्या पाटाकाठी, ओढ्याच्या कडेला कसई पिकू लागते. मुलांच्या हाताला काम द्यायचे, तर बाजारात जायची गरज नाही. निसर्गाने आणि आपल्या उपासना-वर्षाने मिळून या तीन महिन्यांची सामग्री आधीच मांडून ठेवलेली आहे.

पहिले काम आगेराचे. उत्तर कोकणातल्या आपल्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या पिकाच्या लोंब्या मिरवणुकीने ख्रिस्तमंदिरात आणून त्यांना आशीर्वाद दिला जातो. मी सेमिनरीत लॅटिन शिकू लागलो तेव्हा शेत या अर्थाचा 'आगेर' हा शब्द भेटला आणि लहानपणापासून तोंडात असलेल्या सणाची ओळख तिथे परदेशी व्याकरणाच्या पुस्तकात पटली, याची गंमत वाटली होती. गोव्यात हाच सण 'कोणसाचे फेस्त' म्हणून ऑगस्टमध्ये होतो. रायला ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला. मंगळूरकडे तो ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाशी जोडलेला असतो. आपल्याकडे तो ऑक्टोबरात.

लोंब्यांचे काम अगदी सोपे आहे. वीतभर देठ ठेवून दहा-बारा लोंब्या कापाव्यात आणि दोन दिवस सावलीत उलट्या टांगाव्यात, म्हणजे देठ सरळ राहतात. मग दोन लहान जुड्या करून एकीवर दुसरी आडवी ठेवावी आणि मधोमध सुताने बांधावे. भाताचा क्रूस तयार होतो. जरा मोठ्या मुलांनी पेंढ्याची तीनपेडी वेणी घालून त्या क्रुसाला टांगायला फास करावा. कोरडा पेंढा वळवताना मोडतो, म्हणून तो अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून घ्यावा. पाच वर्षांच्या मुलाला गाठ मारता येत नाही. पण दुसरा गाठ मारीत असताना जुडी घट्ट धरून ठेवणे त्याला उत्तम जमते, आणि ते काम त्याला फार महत्त्वाचे वाटते. शेते गेली, लोंब्या कुठून आणायच्या, असे कोणी म्हणेल. पूर्वेकडच्या गावांत अजून भात होतो. एका सकाळी मुलाला घेऊन तिथवर जावे. भात कुठल्या चिखलात उभे असते, हे त्याला पाहू द्यावे. तो क्रूस करण्याइतकाच तिथवरचा प्रवासही महत्त्वाचा आहे.

दुसरे काम जपमाळेचे. पोप तेरावे लिओ यांनी १८८३ साली ऑक्टोबर महिना जपमाळेच्या प्रार्थनेला वाहिला, तेव्हापासून हा महिना आपल्या घराघरांत जपमाळेचा महिना आहे. ७ ऑक्टोबरला जपमाळेच्या राणीचा सण येतो. आणि नेमक्या याच दिवसांत कसई पिकते. नव्या पिढीला कसई ठाऊक नसेल. काहीजण तिला रानजोंधळा म्हणतात. लांब पानांचे, मक्याच्या रोपाची आठवण करून देणारे ते एक गवत असते. त्याला वाटाण्याएवढे, टणक, चकचकीत दाणे लागतात. काही पांढुरके, काही राखाडी, काही तपकिरी. इंग्रजीत त्यांना ईयोबाची आसवे म्हणतात. या दाण्याचे वैशिष्ट्य असे, की त्याला भोक पाडावे लागत नाही. दाण्याच्या वरच्या टोकातून एक बारीक तुरा बाहेर आलेला असतो. तो उपटला, की आतून आरपार वाट मोकळी होते. निर्मात्याने मणी ओवण्यासाठीच घडविला असावा, असे मुलांना सांगितले तर ती सहज विश्वास ठेवतात. मलाही तसे वाटते.

दाणे वेचून तीन-चार दिवस उन्हात वाळवावेत, नाहीतर आत कीड राहते. ओवायला मासेमारीची बारीक तंगूस उत्तम. ती ताठ असल्याने सुई लागत नाही. पूर्ण जपमाळेला एकोणसाठ मणी लागतात. त्यांतले त्रेपन्न 'नमो मरिये'चे आणि सहा 'आमच्या स्वर्गीय बापा'चे. या सहांसाठी बाजारातले लाकडी मणी घ्यावेत किंवा रंगीत दोऱ्याची जाड गाठ मारावी. एक सावधगिरी. लाल-काळी गुंज दिसायला मोहक असते आणि मुलांचा हात तिच्याकडे आधी जातो. पण तिची बी विषारी आहे. ती मुलांच्या हाती देऊ नये. तीन वर्षांखालच्या मुलांना तर कोणतेच मणी देऊ नयेत, ती सारे तोंडात घालतात. शेजारपाजारच्या मुलांनाही यात सामील करून घ्यावे. त्यांच्या घरी एकशे आठ मण्यांची माळ असेल, कुणाच्या घरी नव्याण्णव मण्यांची तस्बीह असेल. बोटांनी मोजत देवाचे स्मरण करणे ही केवळ आपली रीत नव्हे, हे मुलांना लहानपणीच कळावे.

या कसईच्या माळेशी माझी एक जुनी आठवण जोडलेली आहे. मी आठ वर्षांचा असताना, म्हणजे १९७८च्या सुमारास, आजीसाठी माळ करायला बसलो. आमच्या विहिरीच्या पाटाला कसईचे बेटच होते. उत्साहाने टोपलीभर दाणे वेचले. पण ओवण्याचा धीर तीन दशकांपर्यंतच टिकला. तेवढ्यात मित्रांनी हाक मारली, मी दोन्ही टोके कशीबशी बांधली आणि ती अर्धवट माळ आजीच्या मांडीवर टाकून पळालो. रात्री प्रार्थनेला बसताना आजीने तीच माळ हातात घेतली. मणी मोजले. ती हसली नाही, काही बोललीही नाही. तीन दशके झाल्यावर तिने माळ खाली ठेवली आणि उरलेली दोन दशके बोटांच्या पेरांवर मोजली. मी विचारले, तर म्हणाली, "तीन तुझ्या माळेवर, दोन माझ्या बोटांवर. दोघांची मिळून एक झाली की नाही?"

माळ पुरी करून दे, असे ती कधीच म्हणाली नाही. तिच्याकडे परगावच्या तीर्थस्थानाहून आणलेली चांगली चांदीच्या क्रुसाची माळ होती. ती पेटीत राहिली. माझी तीन दशकांची माळ मात्र उशाशी असे. १९८९ साली आजी गेली, तेव्हा मी सेमिनरीत दाखल होऊन फार दिवस झाले नव्हते. घरी पोहोचलो, तेव्हा तिच्या हातात कोणती माळ गुंफलेली होती, हे वेगळे सांगायला नको. दाणे तिच्या बोटांनी घासून घासून गुळगुळीत झाले होते. ती माळ तिच्याबरोबरच गेली.

तिसरे काम फुलांचे. २ नोव्हेंबरला आपण मृतांचे स्मरण करतो आणि आदल्या दिवसापासून दफनभूमीत कबरी स्वच्छ करून सजविल्या जातात. विकतच्या माळा टाकून येण्यापेक्षा मुलांना झेंडूच्या माळा करायला बसवावे. केळीचे सोपट पाण्यात भिजवून त्याचे उभे धागे काढले, की ओवायला नैसर्गिक दोरा मिळतो. फुले ओवताना मुलांना विचारू द्यावे, की ही कुणासाठी. आपल्या पणजोबांचे नाव मुलांना बहुधा तेव्हाच प्रथम कळते. मृत्यूविषयी मुलांशी बोलणे आपल्याला अवघड वाटते. पण हातात फूल आणि दोरा असला, की ते बोलणे पुष्कळ सोपे होते, असा माझा अनुभव आहे.

चौथे काम नाताळच्या ताऱ्याचे. ते शरदातच सुरू करावे, कारण त्याला वेळ लागतो आणि वेळ लागणे हेच त्याचे सुख आहे. बांबूच्या एकसारख्या लांबीच्या दहा कामट्या तासून घ्याव्यात. पाच कामट्यांचा एक पंचकोनी तारा बांधावा, उरलेल्या पाचांचा दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोके सुताने बांधावीत. मग आतल्या बाजूला, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी, बोटभर लांबीच्या काड्या दोन्ही ताऱ्यांच्या मध्ये उभ्या बसवाव्यात. तारा फुगतो आणि त्यात दिवा मावतो. वर पतंगाचा कागद, चिकटवायला कणकेची खळ. मोठी माणसे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुले बरोबर असताना तो घालू नये, मुले बोटे चाटतात. तासायचे काम मोठ्यांचे, कागद फाडायचे आणि चिकटवायचे मुलांचे. आमच्या आळीतले हिंदू शेजारी याच दिवसांत आकाशकंदील करीत. कामट्या एकाच बांबूच्या, खळ एकाच पातेल्यातली. अश्विनात त्यांच्या दारी कंदील लागे आणि डिसेंबरात आमच्या दारी तारा. आज दोन्ही प्लास्टिकचे मिळतात, बटण दाबले की पेटतात. त्यांना मी नावे ठेवीत नाही. पण ते करताना कुणाच्या बोटांना खळ लागत नाही.

इथवर सारे सोपे होते. आता ती चूक.

१९९९ सालची गोष्ट. गुरुदीक्षा होऊन मला दोन वर्षे झाली होती आणि मी वसईतल्याच एका गावच्या धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. रविवारच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाचे वर्ग भरत. ऑक्टोबर लागताच मी मुलांना कसईच्या माळा करायला सांगितल्या आणि जाहीर केले, की सर्वांत चांगली माळ महिनाअखेरीस पवित्र मरियेच्या पुतळ्याच्या हाती घातली जाईल. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेलो. सारे नेमके, नियमानुसार असावे, असा माझा आग्रह. तीस-बत्तीस मुलांनी माळा आणल्या. मी टेबलाशी बसून एकेक माळ मोजू लागलो.

दुसरीतल्या एका मुलीची माळ फार नीटस होती. तिने रंग जुळवून दाणे निवडले होते. पण मोजताना तिसऱ्या दशकात अकरा मणी भरले. मी पुन्हा मोजले. अकराच. "बाळ, हे चुकलंय हं," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. माळ चांगली आहे, एवढी चूक दुरुस्त केली तर हिलाच पहिला क्रमांक देता येईल, असा माझ्या मनात सद्हेतू होता. मी खणातून कात्री काढली आणि तंगूस कापली. तंगूस ताठ असते, ती उसळली आणि दाणे टणटण करीत बाकांखाली पसरले. मुले हसली. तीही खाली वाकून दाणे वेचू लागली. पाच मिनिटांत मी स्वतः ती माळ पुन्हा ओवली, दहा-दहा मणी मोजून, नीट गाठ मारून तिच्या हाती दिली. "बघ, आता कशी छान झाली!" ती म्हणाली, "थँक्यू, फादर." तिला पहिला क्रमांक मिळाला.

संध्याकाळी तिचे आजोबा आले. तक्रार घेऊन आले नव्हते. आपल्या पिढीतली माणसे धर्मगुरूकडे तक्रार घेऊन येत नसत. ते एका मिस्साचे सांगायला आले होते आणि जाता जाता दारात थांबून म्हणाले, "फादर, पोरीची माळ तुम्ही नीट केलीत, बरं झालं. तिनं मुद्दामच तसं केलं होतं. आम्ही सांगितलं होतं तिला, फादर चालवून घेणार नाहीत म्हणून." मी विचारले, मुद्दाम म्हणजे? मग त्यांनी सांगितले. त्यांच्या घरी रोज रात्री जपमाळ होई आणि घरातली पाच माणसे एकेक दशक सांगत. पहिले आजोबांचे, दुसरे आजीचे, तिसरे वडिलांचे, चौथे आईचे आणि शेवटचे तिचे. त्या ऑगस्टमध्ये वडील नोकरीसाठी आखातात गेले होते. तिसरे दशक आता कुणीही सांगत असे. तिने माळ करताना त्या दशकात एक मणी जास्त घातला होता. तो वडिलांसाठी. दहा मणी सर्वांचे, अकरावा त्यांचा.

आजोबा गेले. मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. आजीच्या मांडीवर मी टाकलेली ती तीन दशकांची माळ मला त्या क्षणापर्यंत आठवली नव्हती. ती तेव्हा आठवली. माझ्या माळेत वीस मणी कमी होते आणि आजीने ते आपल्या बोटांवर भरून काढले. या मुलीच्या माळेत एक मणी जास्त होता आणि मी तो कात्रीने काढला. तिला एका शब्दाने विचारलेही नाही.

पुढच्या रविवारी मी सर्व मुलांसमोर तिची क्षमा मागितली. तिच्या वडिलांचा उल्लेख केला नाही, तो तिचा होता. एवढेच म्हणालो, की मी न विचारता तिची माळ तोडली, ते माझे चुकले. तिला हवी तशी माळ तिने पुन्हा करावी, मी दाणे आणि तंगूस देतो. ती उभी राहिली. क्षणभर माझ्याकडे पाहून तिने विचारले, "मग आता किती मणी घालू, फादर?"

पंचवीसहून अधिक वर्षे झाली, पण तो प्रश्न माझ्या कानांतून गेलेला नाही. आठवड्यापूर्वी तिला किती मणी घालायचे ते ठाऊक होते. ते तिने स्वतः ठरविले होते, आपल्या प्रेमाने ठरविले होते. आता ती मला विचारीत होती. मी म्हणालो, "तुला हवे तेवढे." तिने मान डोलावली आणि त्याच दिवशी वर्गात बसून माळ केली. प्रत्येक दशकात दहा मणी. एकही जास्त नाही.

काही दिवसांनी वर्ग झाडताना एका बाकाखाली कसईचा एक राखाडी दाणा सापडला. तो अकरावाच असेल, असे मी म्हणू शकत नाही. दाणे अनेक पसरले होते. तरी तो मी ठेवून घेतला. तेव्हापासून माझ्या बदल्या अनेक झाल्या, प्रत्येक ठिकाणी तो माझ्या टेबलाच्या खणात असतो. कुणी काही दुरुस्त करायला माझ्याकडे आणले, की कात्रीच्या आधी तो हाताला लागतो.

त्यानंतर मी पवित्र ग्रंथ या दृष्टीने पुन्हा वाचू लागलो. निर्गमाच्या पुस्तकातील एकतिसावा अध्याय आपण सहसा भराभर वाचून पुढे जातो. तिथे निवासमंडप उभारण्यासाठी परमेश्वर बसालेल नावाच्या माणसाला निवडतो आणि त्याला आपल्या आत्म्याने भरून टाकतो. कशासाठी? संदेश देण्यासाठी नव्हे, लढाईसाठी नव्हे. सोने-रुपे घडविण्यासाठी, रत्ने कोरण्यासाठी, लाकडावर काम करण्यासाठी. हातांच्या कामात देवाचा आत्मा असतो, हे इतक्या आरंभीच सांगून ठेवलेले आहे. तो आत्मा केवळ कुशल हातांत असतो आणि सात वर्षांच्या हातांत नसतो, असे आपण कोण ठरविणार?

आणि नाझरेथचे ते घर. संत मार्कच्या सुवार्तेत गावकरी प्रभू येशूला सुतार म्हणून ओळखतात, संत मत्तयच्या सुवार्तेत सुताराचा पुत्र म्हणून. म्हणजे कधीतरी त्या घरात एका लहान मुलाने पहिल्यांदा हातोडी धरली असेल. त्याविषयी सुवार्ता काही सांगत नाही, आणि मीही कल्पनेने फार रंगवीत नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चारही सुवार्तांत संत योसेफ यांचा एकही शब्द नोंदलेला नाही. त्यांनी पाहिले, ऐकले, उठून सांगितलेले केले, आणि ते गप्प राहिले. मुलाशेजारी बसून काम करणाऱ्या मोठ्या माणसाला यापेक्षा चांगला आश्रयदाता संत कुठे मिळणार?

२०२० साली मला दुसरी संधी मिळाली. महामारीमुळे त्या ऑक्टोबरात ख्रिस्तमंदिरे भाविकांसाठी बंद होती, धर्मशिक्षणाचे वर्गही बंद. मी कसईचे दाणे कागदी पुड्यांत भरले आणि तरुणांच्या हाती घरोघर पाठविले. सोबत चिठ्ठी: घरातल्या प्रत्येकाने आपापली माळ करावी, मोठ्यांनी मुलांची करू नये. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडली. पहिल्या दिवसांत माणसे अंतर राखून, तोंडे झाकून, थोडी थोडी येऊ लागली आणि मुलांनी आपापल्या माळा आशीर्वादासाठी आणल्या. किती तऱ्हेच्या! एकीत सात दशके होती. एकीत क्रुसाच्या जागी शर्टाचे बटण होते. एक फक्त मनगटाएवढी होती. एका आजोबांनी नातवाची माळ पुढे धरून ओशाळवाणे विचारले, "फादर, यात मणी कमी-जास्त आहेत. ही चालेल का?" मी म्हणालो, "मी मोजत नाही." आणि खरोखरच मोजले नाहीत. सगळ्या माळा एका ताटात ठेवून एकाच प्रार्थनेने आशीर्वाद दिला.

तेव्हा, दारात उभ्या असलेल्या आयांना माझे पुरे उत्तर असे. लोंब्या आणा, कसई वेचा, झेंडू ओवा, कामट्या बांधा. एक तास काढा, तेवढा पुरतो. मुलाजवळ बसा, पण त्याचे काम आपल्या हातात घेऊ नका. हात स्वस्थ बसत नसतील, तर आपली दुसरी माळ करायला घ्या. मुले सांगण्यापेक्षा पाहून लवकर शिकतात. मदत मागितली तर गाठ मारून द्या, तेवढीच. त्याची स्पर्धा करू नका, शेजारच्या मुलाच्या ताऱ्याशी तुलना करू नका. शक्य असेल तर आजी-आजोबांना शेजारी बसवा. त्यांच्यापाशी वेळ असतो आणि त्यांना पुष्कळ जुन्या गाठी माहीत असतात. आणि काही चुकलेले दिसले, तर दुरुस्त करण्याआधी एकदा विचारा, "हे असं का केलंस, बाळ?" बहुतेक वेळा उत्तर येईल, "चुकून." मग दोघांनी मिळून हवे तर सुधारा. पण एखाद्या वेळी उत्तर वेगळे येईल, आणि ते ऐकण्यासाठी तुम्ही तिथे असाल.

ती माळ मग उशाशी ठेवा, पेटीत नको. रात्री घरातली प्रार्थना तिच्यावरच म्हणा. मणी कमी भरले, तर बोटे आहेतच. जास्त भरले, तर एखादी 'नमो मरिये' दूरच्या कुणासाठी अधिक म्हणा. असे कुणी नाही, असे घर आपल्या वसईत क्वचितच सापडेल.

ती मुलगी आता तिशीच्या पुढे गेली असेल. ते कुटुंब पुढे वडिलांकडे राहायला गेले आणि माझी त्यांची गाठ पडली नाही. तिच्या घरी कदाचित एखादे लहान मूल असेल. एखाद्या ऑक्टोबरात तेही मणी ओवत असेल. त्याच्या माळेत अकरा मणी आले, तर ती काय करील, याची मला चिंता वाटत नाही. मी मात्र रोजच्या जपमाळेत तिसऱ्या दशकाशी आलो, की एक 'नमो मरिये' जास्त म्हणतो.